शिक्षणाची वाट : वेळणेश्वरच्या आईचे पत्र



वेळणेश्वरच्या एका भगिनीचे पत्र या आठवड्यात हाती आले. वहीची दोन पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली. अक्षर मुलीचे आणि बोलणे आईचे, हे चार ओळींत कळते. घरधनी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत. बाई स्वतः आंबा-काजूच्या हंगामात दुसऱ्यांच्या बागेत मजुरीला जातात. थोरली मुलगी अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झाली, तेही चांगल्या गुणांनी. आता ती म्हणते, मला ‘नेट’ची परीक्षा द्यायची आहे, फेलोशिप मिळाली की पीएच.डी. करीन. पहिल्या खेपेला ती थोडक्यात हुकली. दुसऱ्या खेपेचा अभ्यास सुरू झाला आणि इतक्यात मुंबईच्या चुलत दिरांनी स्थळ आणले. मुलगा निर्व्यसनी आहे, विक्रोळीला स्वतःची खोली आहे. दीर म्हणतात, आपल्या वाडीत पोरगी एम.ए. झाली हेच खूप झाले, आणखी किती शिकवणार?

बाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. ही फेलोशिप म्हणजे खरोखर सरकारचे पैसे की क्लासवाल्यांची जाहिरात? पास झाल्यावर पैसे हातात येतात काय? आणि लग्नाच्या वयाच्या मुलीला आणखी एक वर्ष पुस्तके घेऊन घरात बसवणे बरोबर आहे काय?

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. पैसे खरे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा 1989 पासून चालू आहे. तिच्यात वरचे गुण मिळवणाऱ्यांना कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळते. तिलाच मुले जेआरएफ म्हणतात. 1 जानेवारी 2023 पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे महिन्याला 37 हजार रुपये आणि पुढची तीन वर्षे 42 हजार रुपये आहे. वसतिगृह मिळाले नाही तर घरभाड्याचा भत्ता वेगळा. हे कर्ज नाही, फेडायचे नाही, कोणाला जामीन ठेवायचे नाही. लोट्याच्या कंत्राटी कामगाराच्या हाती महिन्याला जे पडते त्याच्याशी याची तुलना तुम्ही घरात बसून करू शकता, मी करायला नको.

पण एक घोटाळा आपल्या पुष्कळ घरांत होतो, तो आधी दूर करू. शिष्यवृत्ती आणि फेलोशिप या एकच नव्हेत. तुमच्या मुलीने बी.ए., एम.ए. करताना जी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतली ती गरजेवर मिळते. जात आणि घरचे उत्पन्न, वर्षाला अडीच लाखांच्या आत, एवढे बसले आणि मूल पास होत गेले की ती मिळायला हवी. ती हक्काची आहे. फेलोशिप स्पर्धेची आहे. तिथे अर्ज सगळेच करतात आणि थोड्यांना मिळते. पहिली नाही मिळाली तर कोठेतरी कोणाची चूक झाली आहे, भांडावे. दुसरी नाही मिळाली तर पुन्हा बसावे. दीरांना हा फरक नीट समजला तर त्यांचे अर्धे म्हणणे आपोआप गळेल, कारण ‘एकदा नापास झाली’ हे ते ज्या अर्थाने म्हणतात त्या अर्थाने ती नापास झालेली नाही. एम.ए. ती पास आहे. शर्यतीत मात्र पहिल्या काही जणांत आली नाही.

आता थोडे मागे जाऊ, कारण आपल्या समाजात या दोन्ही गोष्टींचा उगम एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतो आणि तो माणूस तुमच्याच जिल्ह्याचा.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका. सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले, बाळ भीमराव तिथेच चालू-बोलू लागला. पुढे सातारा, मग मुंबई. मॅट्रिक झाले तेव्हा, 1907 साली, त्यांच्या हाती बुद्धचरित्र ठेवणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी हे वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्याचेच. रामजींना पुढचा खर्च झेपेना तेव्हा याच गुरुजींनी भीमरावांना महाराज सयाजीराव गायकवाडांकडे नेले. महिन्याला 25 रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातले बी.ए. पार पडले. पंचवीस रुपये आज हास्यास्पद वाटतील. त्या पंचवीस रुपयांविना पुढचे काहीच झाले नसते.

1913 च्या फेब्रुवारीत रामजी गेले. त्याच वर्षी बडोदे संस्थानने अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांसाठी शिष्यवृत्त्या देऊ केल्या. भीमरावांनी अर्ज केला, मुलाखत दिली, निवड झाली. 4 जून 1913 रोजी त्यांनी करारावर सही केली. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्यात नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. या साडेअकरा पौंडांत त्यांनी राहणे, खाणे, पुस्तके भागवली आणि रमाईला घरखर्चासाठीही काही पाठवत राहिले. आज परदेशात शिष्यवृत्तीवर शिकणारी आपली मुले गावी पैसे पाठवतात, ती रीत नवी नव्हे.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी इथवर सांगतात आणि मग उडी मारून संविधानावर येतात. मधले सांगत नाहीत. मधले तुमच्या मुलीच्या कामाचे आहे. 1916 साली ते लंडनला गेले, अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू केला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. 1917 च्या उन्हाळ्यात अर्धा अभ्यास टाकून परत यावे लागले. कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले तर त्या शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही काढले गेले. मुंबईला परतले. 1918 ते 1920 सिडनेहॅम कॉलेजात शिकवले, पैसा साठवला. आपली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये, एवढ्यावर पुन्हा लंडन गाठले. तिथे त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पहिल्या वेळेस स्वीकारला गेला नाही, दुरुस्त करून आणा म्हणून परत आला. त्यांनी तो पुन्हा लिहिला. 1923 साली डी.एस्सी. मिळाली.

तेव्हा शिष्यवृत्ती अर्ध्यावर तुटणे, पैसे उसने घेणे, एकदा परत आलेले काम पुन्हा करणे, हे सगळे आपल्या या पहिल्या अर्थशास्त्रज्ञाला करावे लागले आहे. तुमची मुलगी अर्थशास्त्राचीच आहे. तिला हे ठाऊक असेल. दिरांना सांगा.

आणि गरजेची शिष्यवृत्ती कोठून आली? 1942 च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी लॉर्ड लिनलिथगोंना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक लांबलचक निवेदन दिले. बनारस आणि अलीगडच्या विद्यापीठांना सरकार दर वर्षी लाखो रुपये देते, मग आमच्या मुलांच्या उच्च शिक्षणाला का नाही, असा त्यांचा हिशेबी सवाल होता. वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद त्यांनी मिळवली. 1944 साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि पुढे काही मुले इंग्लंड-अमेरिकेलाही गेली. ज्याने दुसऱ्याच्या शिष्यवृत्तीवर शिक्षण घेतले त्याने तीस वर्षांत ती लाखो मुलांच्या हक्काची केली. आज शाळा-कॉलेजच्या खिडकीत ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ या नावाने जो फॉर्म भरला जातो, तो तोच.

1956 नंतर मात्र आपणां बौद्धांची वाट अडली. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राचे दार बंद राहिले. 1990 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्ध धर्मांतरितांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रातही मिळाला. म्हणजे दिल्लीच्या फेलोशिपा आपल्याला हक्काने मिळू लागल्याला अजून चाळीस वर्षेही झालेली नाहीत. दिरांच्या तरुणपणी हे दार बंदच होते, त्यामुळे त्यांना त्याची माहिती नसणे हा त्यांचा दोष नव्हे.

आता परीक्षेविषयी. नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर सत्राची. राष्ट्रीय परीक्षा संस्था ती घेते. दोन प्रश्नपत्रिका एकाच बैठकीत, तीन तास. पहिलीत 50 प्रश्न 100 गुणांचे, शिकवणे, संशोधन, तर्क, आकडेमोड, संगणक, पर्यावरण असे सर्वसामान्य. दुसरीत 100 प्रश्न 200 गुणांचे, आपल्या विषयाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. हे इतके साधे आहे, तरी भीतीने प्रश्न सोडून येणारी मुले असतात.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती कोणी सांगत नाही. भाषेचे विषय सोडले तर नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. जी मुलगी बालवाडीपासून एम.ए.पर्यंत मराठीत शिकली, तिला ‘सीमांत उपभोग प्रवृत्ती’ पाठ असते, पण तीच कल्पना इंग्रजीत समोर आली की दोन मिनिटे जातात. तीन तासांत दीडशे प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला मिनिट-सव्वा मिनिट. ‘थोडक्यात हुकली’ असे तुम्ही लिहिता, ते पुष्कळ वेळा इथेच हुकते. तिला सांगा की नवे जाडजूड पुस्तक घेण्याआधी मागच्या दहा प्रश्नपत्रिका इंग्रजीत, घड्याळ लावून सोडव. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. क्लासची फी भरण्याआधी हे करावे. इंग्रजी-मराठी संज्ञांची वही मात्र स्वतःच्या हाताने करावी, दुसऱ्याची छापील वही कामाला येत नाही.

दुसरा एक गोंधळ आपल्या मुलांत फार आहे. महाराष्ट्राची ‘सेट’ परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, ती मराठीतूनही देता येते. सेट पास झाल्यावर राज्यात सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता येते. पण सेटने फेलोशिप मिळत नाही, एक पैसाही नाही. दोन्ही द्याव्यात, पण कशासाठी काय देतो ते डोक्यात असावे. पदव्युत्तर परीक्षेत आपल्याला 50 टक्के गुण पुरतात, खुल्या गटाला 55 लागतात. वयाचे म्हणाल तर जेआरएफसाठी मर्यादा तीस वर्षांची, आणि अनुसूचित जातींना व स्त्रियांना पाच वर्षांची सूट. तुमची मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिचे वय जाते आहे ते लग्नाच्या बाजारात जात असेल, परीक्षेत जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याइतके गोड नाही, पण ते लपवणे बरे नव्हे. निकाल लागला की पैसे सुरू होत नाहीत. पीएच.डी.ला प्रवेश मिळून नाव नोंदले गेले की फेलोशिप सुरू होते. 2024 पासून पीएच.डी.च्या प्रवेशालाही नेटचेच गुण धरू लागले आहेत, सत्तर टक्के भार परीक्षेला आणि तीस टक्के मुलाखतीला. मार्गदर्शक मिळणे, जागा निघणे, समितीपुढे विषय मांडणे, यात सहा महिने सहज जातात. नंतरही दर महिन्याच्या एक तारखेला पैसे जमा होतील असे नाही. कधी तीन-तीन, चार-चार महिने थांबतात आणि मग एकदम येतात. विद्यापीठातल्या कारकुनाने हजेरी वेळेवर वर पाठवली नाही तर आणखी थांबतात. तोवर खोलीचे भाडे आणि खानावळ कोणी थांबवत नाही.

हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला आपण विसरलेलो नाही. 17 जानेवारी 2016 रोजी तो गेला. निलंबन, वसतिगृहाबाहेर काढणे, हे सगळे झाले, आणि त्यात सात महिन्यांची फेलोशिपही थकलेली होती, सुमारे पावणेदोन लाख रुपये. हे मुलीला घाबरवायला लिहीत नाही. हे तिच्या बापासाठी आणि काकांसाठी लिहितो आहे. विद्यापीठात गेलेल्या आपल्या लेकराला दर आठवड्याला फोन करा आणि ‘अभ्यास कसा चाललाय’ एवढेच विचारून ठेवू नका. पैसे आले का, जेवलीस का, कोणी त्रास देते का, हे विचारा. पैसे थकले तर वाडीने वर्गणी काढून दोन महिने सांभाळायचे. विहाराच्या रंगाला वर्गणी निघते, यालाही निघेल.

पुण्याच्या बार्टीची फेलोशिपही आहे. ही संस्था 1978 साली मुंबईत समता विचारपीठ म्हणून सुरू झाली, पुढे पुण्याला गेली. तिची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन फेलोशिप जेआरएफ न मिळालेल्या पण पीएच.डी.ला नाव नोंदलेल्या आपल्या मुलांसाठी मोठा आधार आहे. पण तीही भांडून मिळवावी लागली. 2021 च्या तुकडीत 861 मुले होती आणि फेलोशिप 200 जणांनाच द्यायचे ठरले, तेव्हा 2023 च्या फेब्रुवारीपासून मुलांनी आझाद मैदानात ठाण मांडले. मग परीक्षा लावली, तर 24 डिसेंबर 2023 ची प्रश्नपत्रिका 2019 च्या सेटचीच निघाली. ज्यांच्याकडे मुलांची परीक्षा घेण्याचे काम होते त्यांनीच जुना पेपर पुढे केला! माझे मत असे की बार्टीचा अर्ज जरूर करावा, पण घराचा हिशेब तिच्यावर बांधू नये. ती आली तर वरकड समजावी.

केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप 2005-06 साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, आता नाव बदलले आहे. तिचाही मार्ग मुख्यतः नेटमधूनच जातो. आणखी एक, जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांत अल्पसंख्याकांसाठीच्या मौलाना आझाद फेलोशिपचे नाव असते. बौद्ध म्हणून आपली मुलेही ती घेत असत. ती 2022 च्या डिसेंबरात बंद करण्यात आली. तिच्या नादात फॉर्म शोधत बसू नये.

परदेशाचे थोडक्यात, कारण पत्रात त्याची एकच ओळ आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासूनची, वर्षाला 125 जागा, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत. 2022 साली तिच्यातून भारतीय संस्कृती, इतिहास, भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय काढून टाकले. जातीचा अभ्यास परदेशात जाऊन करू नये, असाच त्याचा अर्थ लागतो. 2025 च्या जुलैत 106 जणांची निवड होऊनही आधी चाळीस जणांनाच पत्रे गेली, बाकीच्यांना निधी असेल तर मिळेल असे कळवले गेले. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती 75 जणांना मिळते, विद्यापीठ जगातल्या पहिल्या दोनशेत असावे लागते. तिच्या अटी वरचेवर बदलतात म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय कोणाचे ऐकू नये. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग आहे, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या भटक्या-विमुक्त समाजाचा राजू केंद्रे 2021 साली तिच्यावर लंडनला गेला, आणि त्याची एकलव्य ही संस्था खेड्यापाड्यांतल्या मुलांना अर्ज कसा लिहायचा ते शिकवते. नांदेडच्या वस्तीतून गेलेला सूरज एंगडे हार्वर्डपर्यंत पोचला. जाणारे जातात. पण तुमच्या मुलीची आजची पायरी नेट आहे, तिच्यावर पाय रोवू द्या.

तुमचा धाकटा मुलगा बारावी सायन्सला आहे, हे तुम्ही पत्राच्या समासात लिहिले आहे. त्याच्याविषयी न विचारता सांगतो. वेळणेश्वरलाच 2012 साली ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. तिथे किंवा कोठेही त्याला सरकारी प्रवेशफेरीतून जागा मिळाली तर शिकवण्याची आणि परीक्षेची फी शिष्यवृत्तीतून भागते. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले तरी फ्रीशिप आहे. शहरात गेला आणि सरकारी वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला 60 हजार, इतर महापालिकांच्या शहरांत 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. हजेरी मात्र 75 टक्के हवी.

यात एक सापळा आहे. 2021 पासून शिष्यवृत्तीचा केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-जोडलेल्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीही असते. एके दिवशी खात्यात चाळीस हजार दिसतात, त्याच आठवड्यात घराचे कौल उडालेले असते किंवा कोणाचे ऑपरेशन निघते, आणि पैसे खर्च होतात. मग शेवटच्या वर्षी कॉलेज फीचा तगादा लावते, निकाल अडतो. अशी दोन-तीन घरे माझ्या माहितीत आहेत. निर्वाह भत्ता पोराचा, पण फीचे पैसे आठ दिवसांत कॉलेजात भरून पावती घ्यावी. कौल उसनवारीवर घालावे.

आता तिसरा प्रश्न, लग्नाचा. ताई, मी दुसऱ्याच्या घरात शिरून निर्णय देणारा नव्हे. पण तुम्ही विचारले म्हणून सांगतो. तिला दोन खेपा द्या, येणारी आणि तिच्या पुढची. म्हणजे जेमतेम एक वर्ष. त्याची तारीख ठरवून तिला आणि दिरांना, दोघांनाही सांगा, म्हणजे रोजची कुरबूर थांबेल. ते वर्ष ती घरात बसून काढणार नाही. सेट देईल, एखाद्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवेल. त्या कामाचे पैसे थोडे आणि उशिरा मिळतात, पण मुलाखतीत त्याचा उपयोग होतो. आणि खरोखर अभ्यास करते आहे तर स्वयंपाकातून तिला सकाळचे तीन तास सोडवा. हे तिच्या आईलाच करावे लागेल, आणि त्याचा भार तुमच्यावर पडेल, हे मला दिसते.

स्थळ चांगले असेल तर स्थळालाच विचारा की बाबा, मुलीला पुढे शिकायचे आहे, चालेल काय? विक्रोळीहून मुंबई विद्यापीठाचा कलिना परिसर काही लांब नाही. फेलोशिप मिळालेली सून घरात महिन्याला सदतीस हजार आणते, हेही त्याला कळू द्या. मात्र लग्न आधी उरकू, शिक्षण नंतर बघू, असे कोणी म्हणाले तर सावध राहा. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली पुस्तके माळ्यावर गेलेली मी पुष्कळ घरांत पाहिली आहेत. मुलाने तोंडाने हो म्हटले तर आनंद आहे. त्याची आई हो म्हणाली तर जास्त भरवसा.

आणि मुलीला मध्ये बसवून विचारा. पत्रात तिचे अक्षर आहे, तिचे मत कोठे नाही.

राहिले कागद. कोकणातल्या आपल्या मुलांच्या हातून संधी जाते ती गुणांपेक्षा कागदांनी. नेटसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालेलच असे नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला आणि परदेश शिष्यवृत्तीला जात वैधता प्रमाणपत्र लागते. ती समिती रत्नागिरीत कुवारबावच्या सामाजिक न्याय भवनात आहे. समिती 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागते. आता घाटावरच्या आपल्या लोकांकडे वतनाचे जुने कागद निघतात. आपल्याकडे रत्नागिरीत जमीन खोतांची होती. बाबासाहेबांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, कायदा व्हायला पुढे 1949-50 उजाडले. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या नावाचा सातबारा बहुतेक घरांत नाही. मग उरते शाळा आणि जन्मनोंद. 1956 नंतर शाळेत घातलेल्या मुलांच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ असते, त्यावरून जुनी जात दिसत नाही. म्हणून वडिलांच्या पिढीचा दाखला पुरत नाही, आजोबांच्या पिढीचा शोधावा लागतो.

आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांचा भाऊ, चुलत भाऊ, बापाकडच्या रक्ताचा कोणीही चालतो. गावच्या जुन्या मराठी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. ते नसेल तर तहसील कचेरीत गाव नमुना 14, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. मोडीत असतील तर वाचणाऱ्याकडून उतरवून घ्याव्यात. घराण्यात कोणाला आधी वैधता मिळाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ जोडावी, काम निम्मे होते. आणि आपले कितीतरी आजोबा गिरणीत होते. त्यांची पोरे परळ, लालबाग, वरळीच्या म्युनिसिपल शाळांत शिकली. तो दाखला गावात सापडणार नाही, तो मुंबईला आहे. वैशाख पौर्णिमेला चाकरमानी गावी येतील तेव्हा चुलत दिरांनाच हे काम सांगा. विक्रोळीच्या स्थळाची चौकशी त्यांनी केली, तशी परळच्या शाळेत जाऊन रजिस्टरचीही करावी. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर, आजोबांचे पूर्ण नाव, गाव, शाळेत घातल्याचे अंदाजे साल. रजिस्टर जुने असेल तर शोधायला दोन-तीन खेपा लागतात, म्हणून जूनची गर्दी सुरू होण्याआधी जावे.